मापाची काठी

माझा भाऊ शहजाद ऑगस्टमध्ये गेला आणि चौथ्या दिवशी मी ऑफिसला गेले. लोकांना वाटलं मी फार खंबीर आहे. खंबीर कसली, मला काही होतच नव्हतं. भूक लागली की जेवायचे, झोप आली की झोपायचे. दोहात अल मुंतझा भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली एक मलबारी दुकानदार आहे. त्याने हळू आवाजात चौकशी केली तेव्हा मी "हां, भाई गया" म्हणाले आणि त्याच दमात कोथिंबीर ताजी आहे का ते विचारलं. घरी कोथिंबीर निवडताना स्वतःची लाज वाटली. ती लाजसुद्धा पाच मिनिटंच टिकली.

मी एका डिझाइन स्टुडिओत चित्रं तपासते. प्रदर्शनांचे, म्युझियमचे मोठे पॅनेल आम्ही बनवतो. मजकूर कोणीतरी परदेशातून लिहून पाठवतं, फोटो दुसऱ्या कुठून येतात, आणि हा फोटो याच मजकुराचा आहे ना, उलटा तर छापला नाही ना, कडेला कापला तर नाही ना, हे सगळं माझ्या गळ्यात असतं. काम कंटाळवाणं आहे आणि मला ते आवडतं. फोटोकडे बघायचं, पण त्यात शिरायचं नाही, ही सवय मला कामामुळे लागली की स्वभावच तसा आहे, देव जाणे.

फेब्रुवारीत द पर्लमधल्या एका खाजगी गॅलरीचं काम आलं. विषय होता मध्ययुगातले बायझँटाइन आणि वायकिंग, चित्रांमधून. आमची प्रोजेक्ट मॅनेजर निशिगंधा पुण्याची, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दोन वर्षांच्या करारावर आलेली आणि सतत घाईत. तिने फाइल माझ्याकडे ढकलली आणि म्हणाली, सायराताई, शिंगं असलेली शिरस्त्राणं कुठे दिसली तर लगेच उडव, क्युरेटर चिडतो, म्हणतो तशी कधी नव्हतीच.

शिंगं कुठे नव्हती. पण ते वायकिंग लोक मात्र ओळखीचे निघाले. थंड देश, शेतीला नीट जमीन नाही, दाराशी खाडी आणि खाडीत होडी. घरातली तरणी पोरं होडीत बसून नद्यानद्यांनी दक्षिणेला जायची, कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथे ग्रीक बोलणारा बायझँटाइन सम्राट, त्याच्याकडे सोन्याचे घुमट, आणि स्वतःच्या माणसांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. म्हणून तो या परक्या उंच पोरांना नोकरीला ठेवायचा, खांद्यावर कुऱ्हाड देऊन दारात उभं करायचा. थोडक्यात सिक्युरिटी. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून दोन पिढ्या जे चाललंय तेच. फक्त आमच्या लोकांना कुऱ्हाडी कोणी दिल्या नाहीत.

एका जुन्या हस्तलिखितातलं पान होतं, त्यात हे पहारेकरी ओळीने उभे, सगळ्यांचे चेहरे सारखेच. दुसरा फोटो तिथल्याच आया सोफिया या मोठ्या चर्चच्या वरच्या मजल्यावरच्या संगमरवरी कठड्याचा. त्यावर त्यांच्यातल्या कोणीतरी स्वतःचं नाव खरवडून ठेवलंय. बाकीचं झिजलंय, हाल्फदान एवढं नाव लागतं. ड्यूटीवर कंटाळा आला असणार बिचाऱ्याला. शहजाद बिरकत अल अवामेरच्या मजुरांच्या कॅम्पात राहायचा, इमारतींच्या परांच्या बांधायचं काम करायचा. त्याच्या बंकच्या लोखंडी पट्टीवर मार्करने त्याचं आणि गावाचं नाव लिहिलेलं होतं, असं इब्राहीमने, माझ्या नवऱ्याने, सांगितलं होतं. त्याच बंकवर तो झोपेत गेला. हृदय बंद पडलं. चौतीस वर्षांचा होता.

दर शुक्रवारी नमाजानंतर तो आमच्याकडे यायचा. भरपेट जेवायचा आणि हॉलमधल्या गालिच्यावर आडवा व्हायचा, डोकं दाराजवळच्या चपलांच्या कपाटाशी आणि पाय टीव्हीच्या टेबलाशी. माणूस सहा फूट. झोपेत पाय लागून राउटरची वायर निघायची आणि हिबाचं, माझ्या मुलीचं, इंटरनेट जायचं. मग ती तणतणत यायची आणि त्याला ओलांडून किचनकडे जायची. झोपलेल्या माणसाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, परत उलटं ओलांडावं लागतं, असं आमच्यात म्हणतात. हा डोळे न उघडता म्हणायचा, "हिबू, परत ओलांड. नायतर मी एवढाच ऱ्हाईन." हिबा तेरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. "मामू, यू आर ऑलरेडी टू लाँग," म्हणायची. पण परत ओलांडायची.

आमची आय गावात बायकांच्या मय्यतीला आंघोळ घालते आणि कोणाही माणसाचं कफन कापून देते. चाळीस वर्षं हेच काम. टेप वगैरे काही नाही, हाताने मापते. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात. माणूस जिवंत असताना त्याच्याकडे बघूनही तिला माप कळतं, म्हणून आमच्या लहानपणी मुलं तिच्यासमोर सरळ उभी राहायची नाहीत. शहजादचे कागद व्हायला तीन दिवस गेले. गावी न्यायचं की इथेच दफन करायचं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती फोनवर म्हणाली, त्याला आता फिरवू नका, जिथे आहे तिथेच मातीत द्या. मी "बरं" म्हणाले. तेव्हा मला राग यायला हवा होता.

मय्यतीबरोबर आमच्या बायका जात नाहीत. इब्राहीम गेला, आणि दोहातल्या आमच्या गावच्या जमातीतले दहा-बारा लोक. जमात म्हणजे गावकऱ्यांची मंडळी. लग्न, आजारपण, मरण, सगळं तीच बघते. संध्याकाळी इब्राहीमने मला कबरीचा एक फोटो पाठवला. मी तो न उघडता आयच्या फोनवर पुढे ढकलला. आयने चुलतभावाला बाजारात पाठवून तो छापून घेतला, प्लास्टिक चढवून घेतलं, आणि कफनाच्या कपड्याची पेटी असते तिच्या वर भिंतीला लावला. रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर त्याच्यासमोर बसून ती दुआ मागते, हे मला चुलतभावाने सांगितलं. दर शुक्रवारी मी फोन करायचे. पाणी आलं का, गुडघा कसा आहे, हिबाची परीक्षा कधी, हे सगळं झालं की ती शेवटी विचारायची, "फोटो बघतेस ना, बाय?" मी "हो" म्हणायचे. त्या फोटोपलीकडे आयकडे तिच्या लेकाचं इथलं काहीही नव्हतं, आणि मी सहा महिन्यांत तो एकदाही मोठा करून बघितला नव्हता.

प्रदर्शनातला एकोणिसावा पॅनेल दगडांचा होता. स्वीडनमध्ये असे तीसेक दगड आहेत. दक्षिणेला गेलेली काही पोरं परत आलीच नाहीत. त्यांच्या घरच्यांनी मग गावातच एक उभा दगड रोवला आणि त्यावर त्यांच्या लिपीत कोरून घेतलं की हा अमक्याच्या आठवणीसाठी, तो ग्रीसमध्ये मेला. ग्रीस म्हणजे त्यांच्या भाषेत त्या सम्राटाचा सगळाच मुलूख. अक्षरं सापासारख्या वळणाच्या पट्टीत बसवलेली असतात, आणि वाचता यावीत म्हणून आता लाल रंगाने भरून ठेवलेली. दगडाखाली कोणी नाही. मेलेला माणूस हजारो मैल लांब, कुठे पुरला तेही घरच्यांना माहीत नाही. पॅनेलवर मधोमध जो दगड होता तो एका आईने लेकासाठी उभारलेला. आईचं नाव फुटून गेलंय, शेवटची एक-दोन अक्षरं उरलीत. मुलाचं शाबूत आहे, स्वेन. तो पूर्वेला ग्रीसमध्ये मेला.

हे मी तपासलं, बरोबरची खूण केली, आणि पुढच्या पॅनेलवर गेले. डोळ्यात टिपूस नाही. पॅनेल रविवारी छपाईला जाणार होते.

बुधवारी सकाळी निशिगंधा माझ्या टेबलापाशी आली ती चेहरा पाडूनच. क्युरेटरचा ईमेल होता. स्वेनच्या आईच्या नावावर आम्ही भलताच दगड लावला होता. फाइलींचे नंबर शेजारशेजारचे, दोन्ही दगड करडे, दोन्हींवर साप, आणि मी बरोबरची खूण केलेली. मी म्हटलं, बघणाऱ्यांना काय कळणार आहे? ती म्हणाली तसं नाही, आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. दगडाला टेकवून एक काठी उभी केलेली होती, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची. पुरातत्त्ववाले असे फोटो काढताना मापाची काठी ठेवतात, एक पट्टी म्हणजे दहा सेंटीमीटर. पट्ट्या मोजल्या तर मजकुरातली उंची आणि फोटोतली उंची कुठेच जुळत नव्हती.

"सायराताई, ती काठी ठेवतात कशाला?" निशिगंधा म्हणाली. "माप नसलं की फोटोत कुठलाही दगड कुठलाही वाटतो. तू काठीच बघितली नाहीस."

माझी चूक होती, मी कबूल केली. तिला बरं वाटावं म्हणून वाईट वाटल्यासारखा चेहराही केला. योग्य दगड शोधायला दोन तास गेले. सापडल्यावर मी पट्ट्या मोजल्या, मजकुराशी ताडून बघितल्या, मग पुन्हा मोजल्या. खरा दगड वेगळाच दिसत होता. पहिला दगड त्या बाईचा नव्हताच हे आता कोणालाही कळलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. डोक्यात आलं की त्या स्वेनला निदान नाव तरी आहे. आमच्या शहजादच्या उशाशी काय आहे? इथल्या कबरी साध्या असतात, मातीचा उंचवटा आणि दोन टोकांना दोन दगड, एवढं ऐकून माहीत होतं. म्हणून मी फोनमध्ये मागे मागे जात ऑगस्टपर्यंत पोचले आणि तो फोटो उघडला. कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला.

पाणी शिंपडलेली ओली माती. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. आणि मातीच्या कडेला, अगदी उंचवट्याला लागून, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आडवी पडलेली. इब्राहीमची असणार, ऑगस्टात तो बाटलीशिवाय हलत नाही. तशीच बाटली माझ्या टेबलावर होती. सकाळपासून तेच काम केलेलं म्हणून असेल, मी काही विचार न करता फूटपट्टी घेतली आणि बाटली मोजली. बावीस सेंटीमीटर. मग स्क्रीनवरची बाटली धरून एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मोजत गेले. पाच बाटल्या आणि वर थोडं.

मी पुन्हा मोजलं. कॅमेरा वाकडा धरला असेल म्हणून त्याचाही हिशोब केला. बाटली उंचवट्याच्या बरोबर समांतर पडली होती, त्यामुळे पळवाट नव्हती. सवा मीटरसुद्धा भरेना. माझा भाऊ त्यात छातीपर्यंतच मावला असता. ती कोणा लहान मुलाची कबर होती.

डबा मी संपवला. भेंडीची भाजी होती.

संध्याकाळी इब्राहीम न्यायला आला. तो एका माल पाठवणाऱ्या कंपनीत क्लार्क आहे, रायगडकडचा, शांत माणूस. अठरा वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही, आणि मी त्याबद्दल त्याला पुष्कळदा बोलले आहे. गाडीत बसल्या बसल्या मी फोन त्याच्यासमोर धरला आणि बाटलीचं माप सांगितलं. तो गाडी चालवत राहिला. आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं नाही, आणि मग सांगायला लागला.

त्या दिवशी तो शहजादचं सामान आणायला कॅम्पात गेला होता. अचानक फोन आला की कागद झाले, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन. सामानाची बॅग गाडीत टाकून तो निघाला, रस्त्यात अडकला, आणि पोचला तेव्हा जमातीचे लोक हात झटकत बाहेर येत होते. त्यांनी लांबूनच हात दाखवला, तिकडे, ओली माती आहे ती. सगळे दमलेले, उन्हाने काळे पडलेले. मला परत आत घेऊन चला, म्हणायला त्याला संकोच वाटला. तो एकटाच आत गेला. त्या दिवशी ओली माती दोन ठिकाणी होती, हे त्याला आता, माझ्या तोंडून ऐकताना कळत होतं.

"मी ओली माती बगितली, सायरा," तो म्हणाला. "दुसरा काय बगितलाच नाय."

"तुमाना येवढा पण नाय दिसला?" मी म्हटलं. "येवढासा खड्डा?"

तो रडायला लागला. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, आवाज न करता, बराच वेळ. आणि मला राग आला, खराखुरा राग, सहा महिन्यांतला पहिला. त्या चुकीचा राग होता आणि तो रडू शकतो याचाही होता. माझा भाऊ, आणि रडतोय हा. मी गाडीतून उतरले, जिना चढले आणि कुकर लावला.

गुरुवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मृत्यूच्या दाखल्याची प्रत घेऊन कबरस्तानाच्या ऑफिसात गेला, नंबर काढला आणि आत जाऊन शोधलं. दुपारी मला फोन केला. सापडली म्हणाला, त्याच रांगेत, सहा कबरी पुढे. बराच वेळ तिथे उभा होता म्हणाला. फोटो काढला नव्हता, काढू का असं विचारत होता. मी म्हटलं थांबा.

कारण आता आयचं काय करायचं ते मला ठरवायचं होतं. निशिगंधाला मी सांगितलं, का ते मलाही माहीत नाही, बहुधा काठी तिने दाखवली म्हणून. ती कामाला लागावं तशी कामाला लागली. तिचं म्हणणं, नवीन फोटो पाठव, सांग की हा जास्त क्लिअर आला, जुना काढून हा लावा. खलास. आईला दुखवायचं कशाला? एकोणिसाव्या पॅनेलचं आपण तेच केलं ना, चुकीचा काढला, बरोबरचा लावला, बघायला येणाऱ्यांना पत्ताही लागणार नाही.

तसं करण्यासारखंच होतं. पण त्या भिंतीवरच्या फोटोसमोर आय सहा महिने रोज पहाटे गुडघा दुखत असताना बसली होती. तिला कळलं तर ती मोडून पडेल, असं मला वाटत होतं. आणि न सांगता फोटो बदलला तर त्या सहा महिन्यांना आपण फुंकर मारून उडवून दिलं, असंही वाटत होतं. तिचा एकुलता लेक, त्याच्या अंगावरचं कफन तिच्या हातचं नव्हतं, माती तिने बघितली नाही. एक फोटो होता, तोही परक्याचा. हे तिला मी सांगायचं. इब्राहीम म्हणाला, मी सांगतो, चूक माझी. मी म्हटलं नको, पुढे ढकलला मीच.

शुक्रवारी जेवणं झाली. इब्राहीम आतल्या खोलीत जाऊन बसला, त्याला ऐकवणार नव्हतं. हिबा तिच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. मी हॉलमध्ये गालिच्यावर बसले, फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला. पाणी आलं होतं. गुडघा तसाच होता. हिबाची परीक्षा मार्चमध्ये. मग तिने विचारलं, "फोटो बघतेस ना, बाय?"

मी म्हटलं, "बगितला. परवा बगितला." आणि सगळं सांगितलं. दगड, काठी, बाटली, पाच बाटल्या आणि थोडं. इब्राहीमचा उशीर, दोन ओल्या कबरी. मधे कुठे थांबले नाही, थांबले असते तर पुढे गेले नसते. शेवटी म्हटलं, आय, तो आपला शहजाद नाय. कोणाचा तरी लेकरू हाय.

पलीकडे कोंबडी ओरडत होती, तिने तिला हुसकलं. मग म्हणाली, "मना पयल्याच दिवशी कळला, बाय."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"चाळीस वर्सं कफन कापतंय मी," ती म्हणाली. "लेकराचा खड्डा मना वळखता येत नाय? तेवढ्यात माझा पोऱ्या पाय दुमडून पण मावला नसता."

मग बोललीस का नाही, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. ती म्हणाली, जावयाने एवढ्या उन्हात जाऊन काढलेला फोटो, त्याला लाजवायचं कशाला. आणि तू तो उघडलाच नव्हतास. मी दर जुम्याला विचारत होते. उघडलास की तुझं तुला कळेल आणि कळलं की तू बोलशील, म्हणून वाट बघत होते.

मग सहा महिने दुआ कोणासाठी मागितलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, दोघांसाठी. त्या लेकराची आई कुठल्या मुलखात असेल कोणाला ठाऊक, आपल्याकडे फोटो आलाय तर त्याचं आपणच करायचं. तो फोटो ती काढणार नव्हती. दुसरा पाठवला तर शेजारी लावीन म्हणाली, नाही पाठवला तरी चालेल. इब्राहीमला सांग, जमलं तर त्या पोराचं नाव विचारून ठेव, नाव घेऊन मागितलेलं बरं.

मग तिने विचारलं, मी रडले का. मी म्हटलं, नाय.

"त्याचा माप सांग मना."

"सहा फूट."

"फुटात नको सांगू. तुमचा फोन आला त्या दिवशी मी त्याचा कफन कापला, हितं घरात. कोणाच्या अंगाला लागणार नाय, म्हाईत हाय, पण हात ऐकंना. चार हात भरला. चार हात, बाय. तू मोज."

मी म्हटलं, आय, आता काय मोजू? ती म्हणाली मोज.

म्हणून मी गुडघ्यांवर झाले. चपलांच्या कपाटाशी कोपर टेकवलं आणि हात गालिच्यावर सरळ ठेवला. जिथे बोटं संपली तिथे पुन्हा कोपर. एक. दोन. मला हे मूर्खपणाचं वाटत होतं. गालिच्यावर भाताचं एक वाळलेलं शीत होतं, ते मी उचलून बाजूला टाकलं. तीन. माझा हात आयपेक्षा आखूड, म्हणून चौथ्याच्या पुढे चार बोटं जास्त धरली. ती बोटं टीव्हीच्या टेबलाखाली गेली आणि राउटरच्या वायरला लागली.

मी वळून बघितलं. कपाटापासून वायरपर्यंत, एवढा. एवढा लांब माणूस या हॉलमध्ये दर शुक्रवारी पडलेला असायचा, आणि आता तिथे नुसता गालिचा होता.

हिबाची खोली उघडली. वायर हलल्यामुळे तिचं इंटरनेट गेलं असणार. हेडफोन गळ्यात, तणतणतच आली. मला टेबलाशी गुडघ्यांवर बसलेली बघितलं, जमिनीवरचा फोन बघितला, आणि काही न विचारता किचनकडे निघाली. मधे पोचल्यावर तिने नेहमीसारखं लांब पाऊल टाकलं आणि रिकाम्या गालिच्याला ओलांडून पलीकडे गेली.

किचनच्या दारात ती थांबली. मग मागे आली, आणि परत ओलांडलं.

तेव्हा मी रडले. हिबा माझ्याजवळ येऊन बसली, आतून इब्राहीम धावत आला. पलीकडे आयने फोन ठेवला नाही.